आधी पाहून यावे काय?



मागे एका शाब्बाथच्या संध्याकाळी, हावदाला झाल्यावर, एजवेअरमधील आमच्या परिचयाच्या एका घरी चहा चालू असता वाद निघाला. त्या घरच्या मुलीने महाराष्ट्रातील एखाद्या आदिवासी गावी दोन वर्षे सेवेस जाण्याचे मनात घेतले आहे. वडील म्हणाले, "आधी आठवडाभर जाऊन पाहून ये, मग शब्द दे." मुलगी म्हणाली, "पाहून, पसंत पडले तर घ्यायचे, हा बाजार झाला, पप्पा. सेवा नव्हे." आम्ही जन्मभर शिक्षकी केलेली, म्हणून निवाडा आमच्याकडे आला. त्या वेळी नीट उत्तर सुचले नाही.

मुलीच्या बाजूस सिनाय पर्वत आहे. तेथे आपल्या पूर्वजांनी आधी 'करू' म्हटले, 'ऐकू' मागाहून. वडिलांच्या बाजूस मोशे रब्बेनूंनी कनान देशी पाठविलेले बारा हेर आहेत. पण तो दाखला त्यांना फारसा उपयोगी नाही. हेर चाळीस दिवस हिंडले, तेही ऐन द्राक्षांच्या हंगामात, आणि यहोशुआ व कालेब सोडून बाकीचे दहा घाबरून परतले. तेथल्या लोकांपुढे आपण टोळाएवढे होतो, असे त्यांनी येऊन सांगितले. देश पाहायला गेले आणि स्वतःलाच पाहून आले! आठवडाभराच्या पाहुण्याचेही असेच होते. डास सोसतील का, जेवण पचेल का, करमेल का, एवढेच तो पाहतो.

उलट, पाहण्यातूनच सेवा उभी राहिल्याचेही उदाहरण आहे. १९७० साली बाबा आमटे यांनी आपल्या मुलांना भामरागडच्या जंगलात सहलीला नेले. तेथील माडिया गोंडांची स्थिती पाहून प्रकाश आमटे यांनी तेथे काम करण्याचे ठरविले. १९७३ च्या डिसेंबरात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी तेथे राहू लागले, पण सुरुवातीला रोगी येईनात. माडिया भाषा शिकावी लागली, वाट पाहावी लागली. म्हणजे सहलीत त्यांनी गाव पाहिले; गावाने त्यांना पाहून घेतले ते मागाहून, सवडीने.

आपणा बेने इस्राएलांना हे निराळे सांगायला नको. कोकणात आपणच ते खेडे होतो. दावीद रहाबी आला आणि आपल्या बायांपुढे मासे ठेवून त्याने परीक्षा घेतली. त्यांनी खवले-पर नसलेले मासे बाजूला काढले, ही परंपरा घरोघरी सांगतात. पण त्या बायांनी ह्या परक्या माणसाला कसे पारखले असेल, हे कोणी सांगत नाही. तो राहिला, त्याने शिकविले, म्हणून त्याचे नाव उरले.

आमच्या नोकरीच्या आरंभी एक तरुण शिक्षक सहामाहीलाच शाळा सोडून गेले. मुले कित्येक दिवस आम्हांला विचारीत, "गुरुजी कधी येणार?" गेलेल्याला हा प्रश्न ऐकू येत नाही.

म्हणून आम्ही टेलिफोन करून कळविले, की जरूर पाहून ये, पण आषाढात जा, रस्ता चिखलात बुडालेला असताना. कोणाच्या तरी घरी राहा. मुलांना 'पुन्हा येईन' म्हणू नकोस. आणि निघताना गावच्या बायांना विचार, मी यावे असे तुम्हांला वाटते का?

"आणि त्या नको म्हणाल्या तर?" वडिलांनी विचारले.

मुलगी काही बोलली नाही. जुलैच्या विमानाची चौकशी मात्र तिने केली आहे, असे तिची आई म्हणत होती.