अहवाल आणि साक्ष

दरवर्षी १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, महाविद्यालयांत भित्तिपत्रके लागतात, फेऱ्या निघतात. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित सुई, बाधित रक्त आणि बाधित मातेकडून बाळाला, हे एचआयव्हीच्या प्रसाराचे मार्ग अनेक विद्यार्थ्यांना पाठ असतात. हस्तांदोलनाने किंवा एका ताटात जेवल्याने तो पसरत नाही, हेही ते परीक्षेत लिहितात. परंतु वर्गातील एखादा सोबती बाधित असल्याचे कळताच ओठांवर पहिला प्रश्न येतो तो हा : ‘त्याला हा झाला कसा?’

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. शुश्रूषा करणाऱ्या मित्राला त्याच्या उत्तराची गरज नसते. उत्तर हवे असते ते रुग्णांची वर्गवारी करण्यासाठी : रक्त घेताना बाधा झाली असेल तर दया, अन्यथा तिरस्कार.

यावर धर्मनिष्ठ घरांतून एक आक्षेप घेतला जातो. रुग्णाविषयी आपण हळवे झालो, तर व्यभिचाराची भीती कशी उरेल? आक्षेपामागील तळमळ खरी आहे. जिना हराम आहे आणि हरामच राहील. त्यात तडजोड नाही. परंतु ज्या शरीअतने जिना हराम ठरविला, तिनेच तो सिद्ध करण्यासाठी चार प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांची अट घातली. साक्षीदारांवाचून आरोप करणाऱ्यालाच सूरह नूरमध्ये ८० फटक्यांची शिक्षा सांगितली आहे. रक्ताचा अहवाल शरीरात विषाणू आहे एवढेच सांगतो. तो कोणत्या वाटेने आला, हे सांगत नाही. अशा अहवालाला साक्षीदार मानणारा मनुष्य पापापासून दूर जात नाही, तर कज्फच्या, म्हणजे खोट्या आरोपाच्या, पापाजवळ जातो. आणि कोणाच्या हातून खरोखरच चूक घडली असेल, तर तौबेचे दार त्याच्या आणि अल्लाहच्या दरम्यान आहे. तेथे आपली नेमणूक झालेली नाही.

सूरह हुजुरातच्या एकाच आयतीत कुशंका, पाळत आणि निंदा या तिन्ही गोष्टींची मनाई आली आहे. तिघींचा क्रमही विचार करण्याजोगा आहे : आधी मनात संशय, मग चौकशी, मग चव्हाट्यावरची चर्चा. उलट, आजाऱ्याची विचारपूस हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मुसलमानाचा मुसलमानावरील हक्क ठरविला आणि त्याला आजाराच्या कारणाची अट जोडली नाही.

रुग्णावरही कर्तव्य आहे. आपल्यामुळे दुसऱ्यास इजा होऊ नये ही त्याच्यावरील अमानत होय. निकाहापूर्वी आजार लपविणे हा विश्वासघात ठरेल. ही अमानत पाळण्याची साधने आज उपलब्ध आहेत. शासकीय केंद्रांत तपासणी मोफत व गोपनीय असते. औषधेही २००४ पासून मोफत मिळू लागली. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतके कमी झाले व तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला बाधा होत नाही. २०१७ च्या कायद्याने शिक्षणात व नोकरीत भेदभावास बंदी केली आहे.

तरीही तरुण तपासणी केंद्राची पायरी चढण्यास कचरतो, कारण त्याला विषाणूपेक्षा आपल्या जिभेची भीती अधिक वाटते. न तपासलेला आजार दुसऱ्याच्या घरी पोहोचतो, तेव्हा त्या पापात आपल्या संशयाचा वाटा किती, याचा हिशेब आपणालाही द्यावा लागेल.

अल्लाह आम्हांस हरामपासून दूर राहण्याची आणि आजाऱ्याच्या जवळ जाण्याची तौफीक देवो. आमीन.