खोगीरभरती

काल एका लेखातून दोन परिच्छेद काढून टाकले आणि सवयीने म्हणून गेलो, "ही नुसती खोगीरभरती." आज पहाटे जाग आल्यापासून तो शब्द मनात सलतो आहे.

खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवर घालायची जाड, टाके घातलेली गादी. आत लोकर, चिंध्या, जुनेर, हाताला लागेल ते मऊ काही कोंबलेलं. बाहेरून ते दिसत नाही, म्हणून आपण त्याला निकामी ठरवलं. घोड्याच्या पाठीला विचारलं असतं तर? स्वाराचं ओझं कण्यावर येता कामा नये. कण्याच्या दोन्ही अंगांना ते सारखं पसरावं लागतं. भरतीचा एखादा गोळा झाला, की नेमकी तिथेच कातडी घासते, सोलवटते, जखम चिघळते. मग तंग कितीही नीट आवळा, लगाम कितीही भारी असो, तो घोडा पाठीवर कुणाला घेत नाही.

कराडच्या वाटेवर वसंतगड दिसला, की पायथ्याचं तळबीड आठवतं. ते हंबीरराव मोहित्यांचं गाव. खटाव तालुक्यातलं भोसरे प्रतापराव गुजरांचं. १६७४ साली नेसरीला प्रतापराव पडले आणि मराठी फौजेची सरनौबती हंबीररावांकडे आली. १६८७ साली वाईच्या लढाईत तेही पडले. ही माणसं आयुष्यभर खोगिरावर बसली.

१० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखान मारला गेला आणि २८ तारखेला पन्हाळा स्वराज्यात आला. अवघे अठरा दिवस! पुढे मिरजेला वेढा. हा वेग आपण शाळेत पाठ केला. पण त्या दौडीत घोड्यांच्या पाठी शाबूत कशा राखल्या असतील, हा प्रश्न मला पन्नाशी उलटल्यावर पडला, याचं वाईट वाटतं. सभासदाच्या बखरीत मात्र त्या काळजीची खूण आहे. पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल, दोन्हींचा बंदोबस्त आधीच केलेला.

बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार आपला घोडा आणि आपलं सामान घेऊन येई. पावसाळाभर छावणी आणि दसऱ्याला कूच. त्या आधीची एखादी सकाळ मी डोळ्यांपुढे आणतो. माण-खटावकडच्या एका ओसरीवर खोगीर उसवलेलं आहे. दमट, गोळा झालेल्या चिंध्या उन्हात पसरल्या आहेत. घरातली म्हातारी एकेक चिंधी पिंजून मोकळी करते. कमी पडेल तिथे आपल्या विटलेल्या लुगड्याचा तुकडा आत सारते. टाके घालून झाल्यावर शिलेदार खोगिरावरून तळवा फिरवतो, सावकाश, कुठे गाठ लागते का बघत. एका जागी हात थांबतो. तो काही न बोलता तेवढे टाके पुन्हा उसवतो.