गोळी आणि माळ

॥ श्री गुरुदेव ॥



सत्संगात एक प्रश्न वारंवार येतोय. डिप्रेशनची गोळी चालू असलेल्याने जप करावा का? आणि जप चालू असेल तर गोळी कशाला? पहिल्याचं उत्तर सोपं: करावा. दुसऱ्यावर जरा बसून बोलू, कारण त्यापायी माणसं गोळ्या मधेच टाकून देताहेत.

शुगरची गोळी आपण चारचौघांत घेतो, बीपीची घेतो. कुणी विचारत नाही, गुरूवर विश्वास नाही का? तीच मनासाठी असली की पिठाच्या डब्यामागे लपते. एका भगिनीला घरचे म्हणाले, येड्यांची गोळी ती, सवय लागंल, नामानं बरं होईल. तिने एका दिवसात बंद केली. मग चक्कर, डोक्यात झिणझिण्या, झोप उडालेली. "बघा, लागली ना सवय!" असं वर ऐकावं लागलं. दारूसारखी तलफ या गोळ्यांनी लागत नाही. शरीर त्यांना सरावलेलं असतं, म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

शास्त्र बघा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तीन उपचार सांगितलेत: दैवव्यपाश्रय म्हणजे मंत्र-होम, युक्तिव्यपाश्रय म्हणजे विचाराने दिलेलं औषध व आहार, आणि सत्त्वावजय म्हणजे मनाला अहितापासून आवरणं. तिन्ही शेजारी-शेजारी. समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक ताप सांगितला. नाव आध्यात्मिक, आणि यादी केवढी तरी देहाच्या दुखण्यांची!

कुणी म्हणेल, अर्जुनाला कुठे गोळी लागली? बरोबर. पण अर्जुन बोलत होता, शंका विचारत होता, ऐकत होता. आपल्यातला जो महिनोन् महिने झोपत नाही, जेवणाला चव नाही, पोरं समोर खेळली तरी ज्याला काही वाटत नाही, त्याच्या कानापर्यंत गीता पोचणार कशी? ऐकण्याइतकं बळ यावं म्हणून औषध.

गोळी म्हणजे चमत्कारही नव्हे. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ, अस्वस्थता होऊ शकते. तरुण पोरांच्या मनात पहिल्या दिवसांत जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवावं आणि लगेच डॉक्टरांना कळवावं. बरं वाटलं तरी बहुधा सहा महिने किंवा जास्त चालू ठेवावी लागते. प्रत्येक दुःखाला गोळी नसतेच. कापूस गेला, कर्ज राहिलं, ते कोणती गोळी फेडणार? तिथे माणसंच लागतात.

आदिलाबादला रिम्स आहे. जाताना जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्यावी. गंडा-अंगारा चालू असेल तर तोही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावा, कुणाचा कसला काढा पोटात जात असेल तर नक्कीच. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर 24 तास मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं. एकट्याने जायला लाज वाटत असेल तर सत्संगात कुणालाही हळूच सांगा. सोबत येणारं माणूस मिळेल, आणि गोष्ट चार घरी जाणार नाही.