दूध, वासरू आणि अचेतनाची प्रवृत्ती

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतील ५७ वी कारिका असे मांडते की, अचेतन दूध ज्याप्रमाणे वासराच्या वाढीसाठी प्रवृत्त होते, त्याचप्रमाणे अचेतन प्रधान, म्हणजे सृष्टीचे मूळ द्रव्य, पुरुषाच्या, म्हणजे शुद्ध चेतन तत्त्वाच्या, मोक्षासाठी प्रवृत्त होते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हा दृष्टान्त अमान्य केला. गाय चेतन आहे, तिच्या वात्सल्यामुळे आणि वासराच्या चोखण्यामुळे दूध उतरते, तेव्हा तेथेही चेतनाचे अधिष्ठान आहेच, असे त्यांचे म्हणणे. या वादातील दोन्ही पक्षांना दूध दिसते ते कासेबाहेर आल्यावर. ते मुळात घडते पेशीत, आणि तेथील व्यवहार आता बराच उलगडला आहे.

कासेतील दुग्धस्रावी पेशीत केसिन या प्रथिनाची साखळी रायबोसोमवर तयार होऊ लागते, तेव्हा तिच्या आरंभी काही थोड्या अमिनो आम्लांचा, पाण्यापासून दूर राहू पाहणारा एक तुकडा असतो. हा संकेतखंड बाहेर डोकावताच पेशीद्रवातील एक कण त्याला चिकटतो, साखळीची वाढ क्षणभर थांबवतो आणि रायबोसोमसह तिला आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीत पसरलेल्या पटलमय नलिकांच्या, पृष्ठभागावर नेतो. तेथील छिद्रातून साखळी आत शिरते व संकेतखंड छाटला जातो. पुढे पटलाच्याच इवल्या पिशव्यांतून, म्हणजे पुटिकांतून, केसिन गॉल्गी संकुलात पोहोचते, तेथे त्याला फॉस्फेट जोडले जाते, कॅल्शियमच्या साहाय्याने त्याचे पुंज बनतात, आणि शेवटी पुटिका पेशीच्या कडेच्या पटलात मिसळून ते बाहेर सोडतात. संकेतखंडाची कल्पना ग्युंटर ब्लोबेल आणि डेव्हिड साबाटिनी यांनी १९७१ मध्ये मांडली. पुटिकांच्या वाहतुकीची यंत्रणा उलगडल्याबद्दल रँडी शेकमन, जेम्स रॉथमन आणि थॉमस सुडहोफ यांना २०१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या क्रमात कोठेही जाणणारा नाही. कण संकेतखंड ‘ओळखतो’ याचा अर्थ एवढाच की, दोघांचे आकार आणि गुणधर्म एकमेकांशी जुळतात. येथवर सांख्यांचा पक्ष निर्विवादपणे बळकट आहे. आचार्यांचे निरीक्षण मात्र खोटे नव्हते, कारण पान्हा फुटतो तो वासराच्या स्पर्शाने मेंदूतून स्रवणाऱ्या ऑक्सिटोसिनमुळे. परंतु पान्हा हे आधीच घडलेल्या दुधाचे उतरणे होय.

खरी अडचण चूक घडते तेथे उद्भवते. मानवी यकृतातील एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, पेरॉक्सिझोम नावाच्या अंगकात असावे लागते. एका आनुवंशिक आजाराच्या काही रुग्णांत ते कार्यक्षम असूनही तंतुकणिका या दुसऱ्याच अंगकात जाते आणि मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडे साचतात. रसायनशास्त्राचा एकही नियम येथे मोडलेला नसतो, तरीही ते विकर ‘चुकले’ असेच म्हणावे लागते. ही चूक कोणाच्या मापाने ठरते? नैसर्गिक निवडीचे उत्तर असे की, ज्या पूर्वजांत ते योग्य जागी पोहोचले त्यांचा वंश टिकला, म्हणून ते माप वंशाच्या इतिहासात आहे. हे उत्तर स्वीकारण्याजोगे आहे, आणि त्यानेच कारिकेतील दृष्टान्ताची मर्यादाही स्पष्ट होते. कारण अचेतनाची प्रवृत्ती परार्थ असू शकते हे दुधाने सिद्ध झाले, तरी तो ‘पर’ म्हणजे वाढणारे, भुकेले, प्रधानाचेच बनलेले वासराचे शरीर आहे, आणि सांख्यांचा पुरुष तर त्यांच्याच मते वाढत नाही, बदलत नाही व कशानेही पोसला जात नाही.