अंगणांतील सोनचाफा
(मननासाठीं शास्त्रपाठ : स्तोत्र १:३, यिर्मया १७:७, ८)



देवावर भरंवसा ठेवणारा मनुष्य कसा असतो हें सांगतांना स्तोत्रकर्त्यानें पाण्याच्या कांठच्या झाडाचा दृष्टांत घेतला आहे. यिर्मया संदेष्ट्यानेंही तोच घेतला. मात्र त्यानें कडक ऊन व अवर्षण यांचीही आठवण दिली आहे. अशा दिवसांतही त्या झाडाची पालवी हिरवीच राहते, ही त्याची खूण होय. तें झाड कोणत्या जातीचें होतें हें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. परंतु सदाहरित झाड पाहण्यासाठीं आपणांस पालेस्टाईन देशास जावयास नको. आपणांपैकीं कित्येकांच्या अंगणांत, न्हाणीच्या पाण्यावर, सोनचाफा उभा आहे. त्यापासून आज आपण बोध घेऊं.

पहिली गोष्ट ही कीं, सदाहरित झाडाचीं पानें गळतच नाहींत असें नाहीं. रोज पहांटे अंगण झाडणाऱ्या मातेस विचारा. चाफ्याखालीं पिवळीं पानें तिला नित्य सांपडतात. पळस किंवा सांवर ऋतु येतांच सारीं पानें एकदम टाकून उघडी होते. चाफा मात्र एक पान खालीं सोडतो तेव्हां शेंड्याशीं दुसरें उलगडत असतें. त्याचें प्रत्येक कोंवळें पान एका टोपणांत गुंडाळलेलें असतें. पान उघडलें म्हणजे तें टोपण गळून पडतें आणि डहाळीवर कड्यासारखी एक रेघ मागें राहते. डहाळी हातांत घेऊन पाहा; जितकीं पानें तितकीं कडीं दिसतील. ख्रिस्ती मनुष्याचा हिरवेपणा असाच आहे. ज्या दिवशीं आपला बाप्तिस्मा झाला त्या दिवसाच्या उत्साहावर जन्मभर निभावत नाहीं. कालची प्रार्थना कालची झाली. आज नवें पान फुटलें पाहिजे. नाताळांत हिरवें व पेरणींत निष्पर्ण असें आपलें भजन आहे काय, याचा प्रत्येकानें विचार करावा.

दुसरी गोष्ट बीजाविषयीं व रोपाविषयीं. चाफ्याचें फळ पिकून उकललें म्हणजे आंत तांबड्या गराच्या बिया दिसतात. त्या पांखरांस फार आवडतात. तो गर चोळून काढून बी ताजी असतांच पेरावी लागते. फडक्यांत बांधून पुढच्या वर्षासाठीं ठेविली तर ती सुकते आणि मग कितीही पाणी घाला, उगवत नाहीं. वचन ऐकलें त्याच आठवड्यांत तें आचरणांत पेरावें, ‘पुढें पाहूं’ म्हणून बांधून ठेवूं नये, हें यावरून कळतें. रोप उगवल्यावर त्यास आरंभीं सावली पाहिजे. वैशाखाचें ऊन त्यास एकट्यास सोसत नाहीं. पाणीही पाहिजे, पण तें मुळाशीं साचूं देतां कामा नये. ओलीनें चाफा वाढतो व चिखलानें कुजतो. जे आपल्या मुलांस नुसता उपदेश पाजतात, पण त्यांच्या प्रश्नांस वाट देत नाहींत, त्यांनीं हें ध्यानांत धरावें.

तिसरी गोष्ट धीराची. बीपासून केलेल्या चाफ्यास पहिलें फूल येण्यास सात-आठ वर्षें, कधीं त्याहूनही अधिक लागतात. कलम लाविलें तर दोन-तीन वर्षांत फूल दिसतें. वसईकडील शेतकरी कलमी चाफ्याचीं फुलें मुंबईस दादरच्या बाजारांत पाठवितात. परंतु कलमास एक जपणूक लागते. जोडाच्या खालून, जुन्या खुंटापासून, मधून मधून फुटवे येतात. ते दिसावयास जोमदार असतात. तसेच राहूं दिले तर खालचा रस तेच ओढून घेतात आणि वरचें कलम झुरतें. म्हणून माळी ते लहान असतांच खुडून टाकतो. प्रेषित पौलानें विदेश्यांस लाविलेल्या डाहळीची उपमा दिली आहे. आपणही कलम केलेले लोक आहों. तेव्हां जोडाखालून काय फुटत आहे, इकडे आपलें लक्ष असावें.

येथें या वृक्षाच्या कुळाच्या नांवाची हकीकत सांगणें अवश्य वाटतें. सोनचाफा ज्या वंशांत मोडतो त्यास शास्त्रज्ञ मॅग्नोलिया म्हणतात. हें नांव पिएर मान्योल या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलें. तो १६३८ सालीं माँपेलिए नगरांत एका प्रॉटेस्टंट घराण्यांत जन्मला. त्याची विद्या सर्वांस मान्य होती. तथापि १६६७ सालीं तेथील विद्यापीठांत अध्यापकाची जागा त्यास केवळ धर्मामुळें नाकारण्यांत आली. पुढें १६८५ सालीं चौदाव्या लुई राजानें प्रॉटेस्टंटांस दिलेली मोकळीक रद्द केली. हजारों कुटुंबें घरदार सोडून परदेशीं गेलीं. मान्योल मागें राहिला व त्यानें आपला पंथ सोडून राजाचा पंथ स्वीकारला. त्यानंतर त्यास जागा मिळाली, आणि १६९४ सालीं तो अध्यापक झाला. १७०३ सालीं प्ल्युमिए नांवाच्या एका रोमी मठवासी विद्वानानें मार्टिनिक बेटांतील एका झाडास त्याचें नांव दिलें. १७१५ सालीं मान्योल मरण पावला.

आम्ही त्याचा न्याय करीत नाहीं. अठरा वर्षें दार बंद पाहिलेल्या मनुष्याच्या अंतःकरणांत काय चाललें होतें हें देवच जाणतो. पेत्रानेंही शेकोटीजवळ प्रभूस नाकारलें होतें, आणि प्रभूनेंच त्यास समुद्रकिनाऱ्यावर पुन्हा जवळ घेतलें. परंतु ही हकीकत दूरदेशची म्हणून बाजूस सारतां येत नाहीं. आपल्या देशांत १९५० च्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशीं जोडल्या गेल्या. १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध बांधवांस त्यांत स्थान मिळालें. ख्रिस्ती मनुष्यास मिळालें नाहीं. म्हणून गांवोगांवच्या आपल्या तरुणांपुढें फॉर्म येतो, त्यांत धर्माचा रकाना असतो, आणि लेखणी तेथें थांबते. घरीं म्हातारे आईबाप असतात, फी भरावयाची असते. हाच तो वैशाख होय, ज्याविषयीं यिर्मयानें सांगितलें.

अशा तरुणास आम्ही काय सांगावें? जें सत्य आहे तेंच लिही, असें आम्ही सांगतों. कायदा बदलावा म्हणून सनदशीर रीतीनें मागणी करणें योग्यच आहे, आणि ती आपण करावी; परंतु रविवारीं एक नांव व कचेरींत दुसरें, असें जीवन म्हणजे जोडाखालचा फुटवा होय. तो आज जोमदार दिसतो, उद्यां सारें कलम खाऊन टाकतो.

पण एवढें सांगून मंडळी मोकळी होत नाहीं. रोपास उन्हांत उभें करावयाचें आणि सावली धरावयाची नाहीं, हा माळ्याचा धर्म नव्हे. ज्या मुलानें सत्य लिहिलें, त्याची फी कोण भरणार? ज्या मुलीनें सवलत सोडली, तिच्या पुस्तकांची वाट कोण पाहणार? आणि जो डगमगला, त्याच्या उंबऱ्यावर निंदा न करितां कोण जाणार? प्रत्येक मंडळीनें हंगामाच्या अर्पणांतून एक वाटा अशा मुलांसाठीं वेगळा काढावा. पायलीभर ज्वारी निघाली तरी ती सावलीच होय. आज लाविलेल्या झाडाचें फूल लावणाऱ्यास दिसेलच असें नाहीं. पौलानें लाविलें, अपुल्लोसानें पाणी घातलें, वाढविणारा देव आहे.

येत्या मृगांत ज्यांस शक्य असेल त्यांनीं अंगणांत एक चाफा लावावा. त्यास पाणी घालतांना आपल्या घरांतील व मंडळींतील कोंवळ्या रोपांची प्रभूपुढें नांवानें आठवण करावी. जो आपणां सर्वांस आपल्या हातानें लावितो व राखितो, त्या देवास येशू ख्रिस्ताच्या द्वारें सर्वकाळ गौरव असो. आमेन.