दोष दाखवावा, पण कशासाठी?

खऱ्या मोटारीची हुबेहूब लहान प्रतिकृती जोडण्याचा छंद अमेरिकेत फार. १९५८ साली तिकडच्या एएमटी कंपनीने १:२५ प्रमाणाच्या मोटारींचे सुटे भाग पेटीत घालून बाजारात आणले. माणसे ते घरी चिकटवू, रंगवू लागली. १:२४ प्रमाणात फुटाचा अर्धा इंच होतो. अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या गाडीवर १२ मिलिमीटर! ती हेरणारा डोळा काही खोटा नव्हे.

पण बोलायचे केव्हा? भाग चिकटवण्याआधी सांगितले तर ते साह्य. रंग वाळल्यावर चारचौघांत सांगितले तर नुसता आपल्या डोळ्याचा डौल.

ऐकणाऱ्यानेही विवेक करावा. माप खरे असेल तर पुढच्या गाडीसाठी घ्यावे, टोमणा तिथेच सोडावा. टोमण्याच्या रागाने खरे माप फेकू नये.

आमच्याही तोंडून एकदा गेलेच, “या सालच्या गाडीला ही चाके नव्हती.” पोराने महिनाभर खपून केलेली गाडी निमूट पेटीत ठेवली, पुन्हा दुसरी केली नाही. आमचे म्हणणे खरेच होते. पण त्याने चाक तर सुधारले नाहीच, उलट करणारा हात थांबला. मग त्या खरेपणाचे आम्ही काय केले?