यजमानाचा हात

मे महिना म्हणजे आपल्या घोडपदेवच्या चाळींत लग्नांचे नि रोसचे दिवस. संध्याकाळी अंगणात मांडव, खुर्च्या, गाणी आणि पेलेही. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला. तेव्हा पेल्यालाच पाप म्हणायला माझे मन धजत नाही. प्रश्न वेगळा आहे. पाहुणा किती प्याला, याचा जाब यजमानाने द्यायचा का?

“तो काय लहान आहे?” असे आपण म्हणतो. पण “घे रे, अजून एक” म्हणणारेही आपणच! नशेत गाडी हाकून स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष आहे, असे कॅथलिक धर्मशिक्षण (परिच्छेद 2290) सांगते. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम मद्यार्क. काळी कॉफी किंवा थंड आंघोळ नशा उतरवत नाही. ते काम यकृत आपल्या संथ गतीनेच करते. त्यात उन्हाळ्याचा घाम.

तेव्हा बंधुभगिनींनो, पाण्याचा माठ आणि लिंबू सरबत आधी मांडा, जेवण लवकर वाढा, नको म्हणणाऱ्याला आग्रह करू नका. स्कूटरची चावी मागून घेताना वाईटपणा येतो खरा. एकदा माझ्याने ते झाले नाही. पाहुणा सुखरूप पोहोचला. पण त्याचा फोन येईपर्यंत मी खिडकीत उभा होतो.